लिपोसोम फुटला म्हणजे जीवाणू मेला का?

पेप्टाइडची (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीची) नक्कल करणारे कृत्रिम रेणू आणि पेशीपटलाच्या प्रयोगशाळेतल्या नकला (लिपोसोम) या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. उत्तरांत उदाहरणासाठी शक्यतो एकच रेणू धरला आहे. तो म्हणजे बारा घटकांचा एक पेप्टॉइड. एक धनभारित घटक (एनलिस) आणि त्यामागे दोन तेलकट, बेंझिन-वलय असलेले घटक (एनएसपीई), अशी तीनची लड त्यात चार वेळा येते. या कुळातला हा सर्वांत जास्त तपासला गेलेला रेणू आहे.

प्रश्न : बेडकाच्या कातडीतल्या जीवाणूनाशक पेप्टाइडबद्दल मी वर्गात सांगतो. मुले विचारतात, मूळ माल हाताशी असताना त्याची नक्कल कशाला? आणि खरा जीवाणू सोडून खोट्या पटलावर प्रयोग का? (कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, नांदेड)

तुम्ही सांगता तो मॅगेनिन. मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये झेनोपस लेविस या आफ्रिकी बेडकाच्या कातडीतून तो वेगळा केला. त्यात २३ अमिनो आम्ले असतात. पटलाला चिकटला की त्याचा पीळ बनतो. पिळाच्या एका अंगाला धनभार असतो, दुसऱ्या अंगाला तेलकटपणा. जीवाणूच्या पटलावर ऋणभारित लिपिड भरपूर, म्हणून धनभारित अंग तिकडे ओढले जाते आणि तेलकट अंग आत घुसते. १९९० मध्ये मॅगेनिनची आरशातली प्रतिमा, म्हणजे सगळी डी-अमिनो आम्ले वापरलेली आवृत्ती तपासली, तर तीही तितकीच मारक निघाली. लक्ष्य एखादे प्रथिन असते तर उलटा हात त्या मोज्यात बसला नसता. घाव लिपिडच्या थरावर बसतो, हे तेव्हा पक्के झाले.

मूळ मालाची अडचण अशी की शरीरातली ट्रिप्सिनसारखी विकरे त्याचे तुकडे करतात. पेप्टॉइडमध्ये बाजूची साखळी कार्बनवरून उचलून शेजारच्या नायट्रोजनवर ठेवलेली असते. एवढ्या एका बदलाने विकराला कापायची जागाच ओळखू येत नाही. रोनाल्ड झुकरमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दिलेली कृतीही सुटसुटीत आहे. राळेच्या मण्यावर आधी ब्रोमोअ‍ॅसेटिक आम्ल जोडायचे, मग हवे ते प्राथमिक अमाइन घालून ब्रोमीन हटवायचे, आणि या दोन पायऱ्या आलटून पालटून करत राहायचे. अमाइन शेकड्यांनी बाजारात मिळतात, त्यामुळे साखळ्यांना तोटा नाही. वर सांगितलेला बारा घटकांचा रेणू स्टॅनफर्डच्या अ‍ॅनलिस बॅरन यांच्या गटाने मॅगेनिन समोर ठेवून तपासला.

आता खोट्या पटलाबद्दल. खऱ्या जीवाणूला भिंत असते, ग्राम-ऋण असेल तर बाहेर आणखी एक पटल, शिवाय पंप आणि प्रथिने. तो मेला एवढेच कळते, कशाने मेला ते कळत नाही. लिपोसोम म्हणजे लिपिडचा दुहेरी थर आणि आत पाणी, बाकी काही नाही. अ‍ॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम इथे ते ओळखले. त्याला एका वेळी एकच प्रश्न विचारता येतो, हाच त्याचा गुण आणि हीच मर्यादा.

प्रश्न : प्रकल्पासाठी कोणते लिपिड घ्यावे? आमच्याकडे सोया लेसिथिन आहे, तेच चालेल का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

लेसिथिन शिकण्यापुरते चालेल, निष्कर्षासाठी नाही. त्यात अनेक दुहेरी बंध असलेल्या साखळ्या असतात. त्या हवेने लवकर खराब होतात आणि पटल आपोआप गळू लागते. शिवाय त्यातला मुख्य घटक फॉस्फॅटिडिलकोलीन, आणि तो जीवाणूत जवळजवळ नसतोच.

ई. कोलायच्या आतल्या पटलात ढोबळमानाने ७५ टक्के फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन, २० टक्के फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि ५ टक्के कार्डिओलिपिन असते. म्हणून त्याच्यासाठी पीओपीई (फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीनचा एक प्रकार) आणि पीओपीजी (फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलचा एक प्रकार) ३:१ घ्या. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्ये इथेनॉलअमीनवाले लिपिड नाही. तिथे फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल (पीजी), कार्डिओलिपिन आणि लायसिन जोडलेले पीजी असते. हे लायसिन जीवाणू मुद्दाम चिकटवतो. ऋणभार कमी झाला की आपले रेणू चिकटत नाहीत. मानवी पेशीचा बाहेरचा थर हवा असेल तर पीओपीसी (फॉस्फॅटिडिलकोलीनचा एक प्रकार) आणि कोलेस्टेरॉल २:१. कोलेस्टेरॉल वगळून केलेल्या ‘मानवी’ पटलावर निवडक्षमतेचा (रेणू जीवाणू मारतो, मानवी पेशी सोडतो, असा) दावा करू नका. कोलेस्टेरॉलने थर घट्ट होतो आणि रेणूला आत शिरणे जड जाते. तोच तर मुद्दा आहे.

एक सावधगिरी. पीओपीई २५ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. पुण्या-कोल्हापुरात जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेचे तापमान त्याखाली असते. मग लिपोसोम बनवताना मिश्रण बारीक गाळणीतून जाता जात नाही आणि गाळणी फाटते. सगळे सामान ४० अंशांवर ठेवूनच गाळा. पीओपीसी-पीओपीजी जोडीला हा त्रास नाही, दोन्ही शून्याच्या खाली गोठतात. पहिल्या खेपेला त्यांच्यावरच हात बसवा.

प्रश्न : लिपोसोममध्ये भरलेल्या कॅल्सीन या चमकणाऱ्या रंगाच्या गळतीचा प्रयोग तीनदा फसला. रेणू न घालताही चमक वाढते, आणि शेवटी सगळे लिपोसोम फोडणारे ट्रायटन घातल्यावर जेमतेम दुप्पट होते. कुठे चुकते आहे? (संशोधक विद्यार्थी, अमरावती)

तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच जागेवर बोट ठेवतात : बराचसा रंग आधीच लिपोसोमच्या बाहेर आहे. कॅल्सीन दाट असताना स्वतःचीच चमक दाबतो, आणि बाहेर पडून पातळ झाला की चमकतो. सारा प्रयोग या दाबलेपणावर उभा आहे. म्हणून पूर्ण कृती देतो, तुमची पायरी कोणती निसटते ते ताडून पाहा.

रंगद्रव्य : ७० मिलिमोलरचे २ मिलिलिटर हवे तर ८७ मिलिग्रॅम कॅल्सीन. ते नुसत्या पाण्यात विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, गडद द्राव स्वच्छ झाला की पीएच ७.४ वर आणा. पुष्कळ जण इथे घाई करतात, तळाशी गाळ राहतो आणि ७० समजून ४० भरले जाते. मग रंग पुरेसा दबत नाही.

बाहेरचे बफर : १० मिलिमोलर हेपिस, सुमारे १५० मिलिमोलर मीठ, थोडे ईडीटीए. ईडीटीए अशासाठी की तांबे-कोबाल्टसारखे आयन कॅल्सीनची चमक मारतात. मिठाचा आकडा मात्र डोळे झाकून घेऊ नका. आतल्या रंगद्रव्याची आणि बाहेरच्या बफरची ऑस्मोलॅरिटी ऑस्मोमीटरवर मोजा आणि मीठ कमी-जास्त करून जुळवा. बाहेर पातळ असेल तर पाणी आत शिरते, लिपोसोम फुगतात आणि तुमच्या रेणूशिवायच गळतात. रेणू न घालता चमक वाढण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण. महाविद्यालयात ऑस्मोमीटर नसेल तर जवळच्या रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात विचारा, लघवी-रक्तासाठी तिथे बहुधा असतो.

लिपिड : १० मिलिमोलर, १ मिलिलिटर, ३:१ साठी पीओपीसी ५.७ मिलिग्रॅम आणि पीओपीजीचा सोडियम क्षार १.९ मिलिग्रॅम. भुकटी तोलण्यापेक्षा क्लोरोफॉर्ममधला तयार द्राव घ्या. पावसाळ्यात पीओपीजी हवेतले पाणी पिऊन चिकट होते आणि वजन खोटे येते. गोल बुडाच्या काचकुपीत रोटाव्हॅपवर (कुपी फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) पातळ थर धरा, नंतर निर्वात पंपावर निदान दोन तास, शक्यतो रातभर. क्लोरोफॉर्मचा अंश राहिला तर पटल ढिले पडते. कॅल्सीनचा द्राव घालून हलवा, द्रवरूप नायट्रोजन आणि कोमट पाणी अशा पाच फेऱ्या द्या, मग १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून २१ वेळा. संख्या विषमच हवी, म्हणजे माल शेवटी पलीकडच्या सिरिंजमध्ये येतो आणि न गाळलेली घाण अलीकडे राहते.

स्तंभ : सेफाडेक्स जी-५०, २० ते २५ सेंटिमीटर उंच. आधी लिपोसोमचा दुधाळ केशरी पट्टा उतरतो, मागून मोकळ्या रंगाचा. मधली फिकी जागा दिसलीच पाहिजे. दिसत नसेल तर स्तंभ आखूड आहे किंवा नमुना जास्त घातला. तुमची दुसरी तक्रार बहुतेक इथेच सुटेल. शेवटचे दोन-चार थेंब जास्त मिळवण्याचा मोह सोडा.

मापन : ४९० नॅनोमीटरवर उद्दीपन, ५२० वर वाचन. आधी नुसते लिपोसोम पाच मिनिटे बघा, रेघ सपाट हवी. रेणू घाला, वीस-तीस मिनिटे मोजा, शेवटी ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१००. गळतीची टक्केवारी म्हणजे वाढलेली चमक भागिले ट्रायटनने झालेली एकूण वाढ, गुणिले शंभर. ट्रायटनने चमक निदान पाच-सहा पट वाढत नसेल तर तो घाणा फेकून द्या, त्यावर आलेख काढण्यात वेळ दवडू नका. चांगले लिपोसोमही ४ अंशांवर दोन-तीन दिवसच वापरा आणि फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका.

एक तपासणी जवळजवळ कुणीच करत नाही. कॅल्सीनवर ऋणभार असतो, तुमच्या रेणूवर धनभार. दोघे एकमेकांना चिकटून चमक उतरू शकते, आणि गळती असताना ती कमी दिसते. म्हणून मोकळ्या, पातळ कॅल्सीनमध्ये तुमचा रेणू घालून चमक हलते का ते आधी पाहा. हलत असेल तर एएनटीएस-डीपीएक्स या, चमकणारा रंग आणि ती चमक दाबणारा पदार्थ अशा, जोडीकडे वळा. त्या जोडीने आणखी एक गोष्ट कळते : सगळे लिपोसोम थोडे थोडे गळले, की काही पूर्ण रिकामे झाले आणि बाकीचे तसेच राहिले. कॅल्सीनचा ५० टक्के आकडा दोन्हींत सारखाच येतो.

प्रश्न : माझ्या मोजणीत ५ मायक्रोमोलर पेप्टॉइडने ८० टक्के गळती होते. दुसऱ्या प्रयोगशाळेतली मैत्रीण तोच रेणू, तेच लिपिड घेऊन २० टक्के सांगते. खरे कोणाचे? (पुणे)

तुम्ही पत्रात पेप्टॉइडचा आकडा दिलात, लिपिडचा दिला नाहीत. भांडणाचे मूळ तिथे आहे. गळती ठरते ती पटलात रेणू किती दाट बसले यावर, भांड्यात किती घातले यावर नाही. तुमचे लिपिड ५० मायक्रोमोलर आणि तिचे ५०० असेल, तर तेच ५ मायक्रोमोलर तुमच्याकडे दहा लिपिडमागे एक पडतात आणि तिच्याकडे शंभरामागे एक. दोघीही खऱ्या.

स्तंभातून आल्यावर लिपिड दोन-तीन पट पातळ होते हेही विसरू नका. सुरुवातीचे १० मिलिमोलर तसेच धरले तर सगळी गणिते तेवढ्याच पटीने चुकतात. स्तंभानंतर फॉस्फरसची मोजणी करा. स्टुअर्टची लोह-थायोसायनेटची पद्धत सोपी असली तरी पीजीला ती दाद देत नाही, त्यामुळे तुमच्या मिश्रणात लिपिड कमी दिसेल.

खरी तुलना हवी असेल तर लिपिडची चार प्रमाणे घ्या आणि प्रत्येकात ५० टक्के गळतीला किती पेप्टॉइड लागते ते काढा. समजा ५०, १००, २०० आणि ४०० मायक्रोमोलर लिपिडला अनुक्रमे २, ३, ५ आणि ९ मायक्रोमोलर लागले. हे बिंदू सरळ रेषेत येतात. रेषेचा चढ ०.०२, म्हणजे पन्नास लिपिडमागे एक रेणू बसला की पटल निम्मे गळते. रेषा उभ्या अक्षाला १ वर छेदते, म्हणजे १ मायक्रोमोलर पाण्यातच मोकळा राहतो. पहिला आकडा रेणूची धार सांगतो, दुसरा त्याची चिकटण्याची ओढ. एकाच प्रमाणावर मोजले तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात. कमी चिकटणारा पण धारदार रेणू मग उगाच नालायक ठरतो.

शीर्षकातला प्रश्नही इथेच येतो. जीवाणूवरच्या नेहमीच्या चाचणीत मिलिलिटरमागे सुमारे ५ लाख पेशी असतात. ई. कोलायच्या एका पेशीत ढोबळमानाने २ कोटी लिपिड रेणू धरा. गुणाकार केला तर मिलिलिटरला १०,००,००० कोटी, म्हणजे फक्त १७ नॅनोमोलर लिपिड. त्यात १ मायक्रोमोलर पेप्टॉइड घातले की एका लिपिडमागे साठ रेणू उपलब्ध. लिपोसोममध्ये पन्नास लिपिडमागे एक होता! फरक तीन हजार पटींचा. सगळे रेणू पटलावर बसत नाहीत. बरेच बाहेरच्या आवरणात, डीएनएवर, प्रथिनांवर अडकतात. पण ‘लिपोसोम ५ मायक्रोमोलरला गळला आणि जीवाणूही ५ मायक्रोमोलरला मेला, म्हणून यंत्रणा तीच’ हे वाक्य प्रबंधात लिहू नका. आकडे जुळले तो योगायोग आहे.

गळतीवरून छिद्राचा आकारही कळत नाही. अलामेथिसिन पिंपाच्या फळ्यांसारखा गोल उभा राहतो, मॅगेनिन लिपिडला सोबत वाकवून छिद्र करतो, काही रेणू गालिच्यासारखे पसरून थर विस्कटतात. तिन्हींत कॅल्सीन बाहेर येतो. शिवाय ऋणभारित लिपोसोम आणि धनभारित रेणू मिळून कित्येकदा नुसत्या गुठळ्या होतात. भांडे धूसर झाले का ते ४०० नॅनोमीटरवर पाहून ठेवा.

प्रश्न : सीडीत (रेणूचा पीळ दाखवणाऱ्या ध्रुवित प्रकाशाच्या मापनात) आमच्या पेप्टॉइडचे दोन खड्डे दिसतात, २०२ आणि २१८ नॅनोमीटरच्या आसपास. अल्फा-पीळ म्हणून किती टक्के लिहू? (मुंबई)

लिहू नका. दिसायला तसाच असला तरी तो अल्फा-पीळ नाही. पेप्टॉइडच्या कण्यात नायट्रोजनवर हायड्रोजनच नाही, मग अल्फा-पिळाचा हायड्रोजन बंध येणार कुठून? हा बहुप्रोलिनच्या पहिल्या प्रकारासारखा पीळ असतो. त्याचे अमाइड बंध सिस असतात आणि एका वेढ्यात तीन घटक. म्हणूनच तीनाच्या लडीत धनभार एका अंगाला आणि वलये दोन अंगांना येतात. टक्केवारीची सूत्रे अल्फा-पिळासाठी बांधलेली आहेत, ती इथे लागू नाहीत.

दुसरे असे की मॅगेनिन पाण्यात सैल असतो आणि पटलावर गेल्यावर पीळ घेतो, म्हणून त्याचा आलेख लिपोसोम घालताच बदलतो. तुमचा रेणू बाजूच्या साखळ्यांच्या गर्दीमुळे बफरमध्येच पीळ धरून बसलेला असतो. आलेख हलला नाही म्हणजे चिकटला नाही असे नव्हे. बफरमध्ये मीठ नको, क्लोराइड २०० च्या खाली प्रकाश खातो. १० मिलिमोलर फॉस्फेट पुरे, आयनबळ हवेच तर सोडियम फ्लोराइड. लिपोसोमही १०० नॅनोमीटरचे नकोत, ध्वनितरंगाने बारीक केलेले घ्या, नाहीतर प्रकाश विखुरतो.

प्रश्न : लँगम्युअर ट्रफवर (पाण्यावर लिपिडचा एकेरी थर धरून त्याचा दाब मोजण्याच्या उपकरणावर) १० मिलिन्यूटन प्रति मीटरला थर लावून खाली रेणू सोडला. दाब १४ ने वाढला. हा पुरावा पुरेसा का? (पणजी)

नाही. दुहेरी थरातल्या लिपिडची दाटी एकेरी थराच्या ३० ते ३५ मिलिन्यूटन प्रति मीटरशी जुळते असे मानतात. १० वर थर इतका विरळ असतो की साबणाचा रेणूसुद्धा आत घुसेल. त्याआधी कोऱ्या पाण्याखाली तेवढाच रेणू सोडून बघा. पेप्टॉइड स्वतःच पृष्ठभागावर येऊन दाब निर्माण करतो. हा कोरा दाब समजा २० आला, तर २० च्या खालून केलेल्या सुरुवातीला काही अर्थ नाही.

कोऱ्या दाबाच्या वर ३५ पर्यंत पाच-सहा सुरुवाती घ्या, प्रत्येक वेळची वाढ आलेखावर टाका आणि रेषा शून्यापर्यंत लांबवा. ती शून्याला जिथे भिडते तो प्रवेशाचा कमाल दाब. पीओपीजीवर तो ३५ च्या वर आणि पीओपीसीवर २५ च्या खाली आला तर निवडक्षमतेबद्दल बोलायला आधार मिळतो. थर पसरल्यावर क्लोरोफॉर्म उडायला दहा-पंधरा मिनिटे द्या. सुई थराला भोसकून न घालता बाजूच्या छिद्रातून घाला. लांबलेल्या प्रयोगात पाणी उडून पातळी उतरते आणि दाब मोजणाऱ्या विल्हेल्मी पट्टीचे वाचन सरकते, म्हणून झाकण आणि आत ओली हवा ठेवा. जाता जाता : या उपकरणाचा पहिला अवतार ब्राउनश्वाइगच्या अ‍ॅग्नेस पोकेल्स यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवला. लॉर्ड रॅली यांनी त्यांचे पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापवून आणले.

प्रश्न : इतकी वर्षे ऐकतो आहे. याचे औषध दुकानात कधी येणार? (औषध विक्रेते, सातारा)

मॅगेनिनवर बेतलेले २२ अमिनो आम्लांचे पेक्सिगॅनन मधुमेही पायाच्या जखमांसाठी मलम म्हणून पुढे आले होते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. प्रयोगशाळेत मारक असणे आणि आधीच्या औषधांपेक्षा रुग्णाला जास्त उपयोगी असणे या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पेप्टॉइडपुढे रक्तपेशींचाही प्रश्न आहे. तेलकटपणा वाढवला की मारकता वाढते, आणि एका मर्यादेनंतर तांबड्या पेशीही फुटू लागतात. त्वचेवर लावायची औषधे आधी येतील असे आम्हाला वाटते. तारीख सांगणार नाही.

प्रश्न : त्याच कुपीतला रेणू, पण दर आठवड्याला मारकता कमी होत जाते. रेणू खराब होतो का? (नागपूर)

पेप्टॉइड इतक्या सहज खराब होत नाही, तो भांड्याला चिकटतो. धनभारित आणि तेलकट रेणूला काच व पॉलिस्टायरिन फार आवडतात. १ मायक्रोमोलरच्या आसपास यातला मोठा हिस्सा भिंतीवर जाऊ शकतो. १ मिलिमोलरचा दाट साठा पॉलिप्रोपिलीनच्या नळीत, लहान वाटण्या करून गोठवा. पातळ द्राव त्याच दिवशी करा आणि उरलेला टाकून द्या. प्लेटही पॉलिप्रोपिलीनची घ्या.

वजनही एकदा तपासा. या बारा घटकांच्या रेणूचे रेणुभार १८१९. पण शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल वापरलेले असते, आणि पाच अमाइनांवर प्रत्येकी ११४ चा एक रेणू बसतो. भुकटीचा खरा रेणुभार मग २३८९ च्या घरात जातो. १८१९ धरून १ मिलिमोलर केलेला द्राव प्रत्यक्षात ०.७६ निघतो, आणि भुकटीने ओल धरली असेल तर त्याहूनही कमी. या रेणूत ट्रिप्टोफॅन नाही, त्यामुळे २८० नॅनोमीटरवर मोजूनही फारसे हाती लागत नाही. बनवणाऱ्याकडून नायट्रोजनचे मूलद्रव्य-विश्लेषण मागा आणि त्यावरून निव्वळ पेप्टॉइडचा अंश काढा. नाहीतर निदान वहीत रेणुभार कोणता धरला ते लिहून ठेवा.